मुलाला कुणी सांगितलं का?

घरात माणूस गेलं की पहिल्या तासाभरात काय काय ठरवायचं हे सगळ्यांना पाठ असतं. फोन कुणाकुणाला करायचे, लांबच्या बहिणीसाठी थांबायचं की नाही, डॉक्टरांचा दाखला कुणी आणायचा, सामानाला कोण जाणार. आणि एक वाक्य हमखास येतं, “पोरांना आधी शेजारी नेऊन बसवा.” शेजारच्या काकू मुलांना घेऊन जातात, टीव्हीवर कार्टून लावतात, समोर बिस्किटाचा पुडा ठेवतात. भिंतीपलीकडे रडणं चालू असतं, म्हणून टीव्हीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा असतो. सात-आठ वर्षांचं पोर कार्टूनकडे बघत असतं, पण कान भिंतीकडे असतात. संध्याकाळी ते घरी येतं तेव्हा फरशी धुतलेली असते, कोपऱ्यात दिवा तेवत असतो आणि बाबा कुठेच नसतात. त्याला कुणीच काही सांगितलेलं नसतं. प्रत्येकाला वाटत असतं, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल.

यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. लहान जिवाला त्रास नको एवढंच मनात असतं. पण या विषयावर गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत जे काम झालं आहे, ते वेगळंच सांगतं. मृत्यू कळल्याने मूल मोडत नाही. सगळ्यांना कळलंय आणि आपल्यालाच बाहेर ठेवलंय, हे त्याला जास्त लागतं.

मुलांना मृत्यू किती कळतो याचा नीट शोध घेणाऱ्यांत मारिया नागी या हंगेरियन मानसशास्त्रज्ञाचं नाव आधी घ्यावं लागतं. त्यांनी बुडापेस्ट आणि आसपासच्या तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांकडून मृत्यूबद्दल बोलवून घेतलं, मोठ्या मुलांकडून लिहवून घेतलं, चित्रं काढवून घेतली. १९४८ साली हे काम इंग्रजीत प्रसिद्ध झालं. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे लांब जाणं किंवा झोपणं वाटत होतं. मेलेला माणूस थोडं कमी खातो, थोडं कमी हलतो, पण आहे. पाच ते नऊमधल्या बऱ्याच मुलांना मृत्यू हा कुणीतरी माणूस आहे आणि तो धरून नेतो, असं वाटायचं. नवाच्या पुढे मात्र सगळे मरतात आणि गेलेलं परत येत नाही, हे कळू लागायचं. त्यातला धरून नेणारा माणूस पुढच्या संशोधकांना इतर देशांतल्या मुलांत फारसा सापडला नाही. बाकीचा क्रम मात्र साधारण टिकून आहे. अर्थात वयाबरोबर अनुभवही मोजावा लागतो. गोठ्यात वासरू मेलेलं पाहिलेलं गावाकडचं सहा वर्षांचं पोर शहरातल्या नऊ वर्षांच्या मुलापेक्षा मरणाबद्दल अधिक नेमकं बोलू शकतं.

आता आपण या मुलांना काय सांगतो ते बघा. “आजी देवाघरी गेली.” “बाबा गावाला गेलेत.” “आजोबा झोपलेत, त्यांना उठवायचं नाही.” चार वर्षांच्या मुलाच्या हिशेबात घरी गेलेला माणूस परत येतो, गावाला गेलेलाही येतो. म्हणून ते रोज दाराशी जाऊन बसतं, आणि महिना लोटला तरी बाबा आले नाहीत की आपल्यावर रागावले असतील असा निष्कर्ष काढतं. झोपेचं सांगितलेलं मूल रात्री झोपायला घाबरतं, आई दुपारी आडवी झाली तरी तिला हलवून उठवतं. “देवाला चांगली माणसं आवडतात” हे तर फारच धोक्याचं. ऐकणारं मूल चांगलं वागावं की वागू नये, या पेचात पडतं. घरात देव असेल तर देवाचं जरूर सांगावं, पण आधी शरीराचं सांगावं: बाबा मेले. त्यांचं हृदय बंद पडलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येऊ शकणार नाहीत. ‘मेले’ हा शब्द आपल्याला माणसाच्या बाबतीत कठोर वाटतो, तर ‘वारले’ म्हणा. पण मुलाला त्याचा अर्थ कळलाय ना, एवढी खात्री करा.

हे कसं करावं याचा एक धडा अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमाने घालून दिला. आपल्याकडे ‘गली गली सिम सिम’ आलं ते याच कार्यक्रमावरून. त्यात दुकानदार मिस्टर हूपरचं काम करणारे विल ली हे अभिनेते डिसेंबर १९८२ मध्ये वारले. त्यांच्या जागी दुसरा नट आणणं किंवा हूपर नोकरीधंदा सोडून दूर राहायला गेले असं दाखवणं, हे दोन्ही सोपे रस्ते होते. निर्मात्यांनी ते नाकारले, मानसशास्त्रज्ञांशी बोलून भाग लिहिला आणि तो २४ नोव्हेंबर १९८३ ला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी दाखवला. मूल प्रश्न विचारेल तेव्हा आईबाप घरात असावेत, हा त्यामागचा विचार. त्या भागात बिग बर्ड हा भला मोठा पिवळा पक्षी सगळ्यांची चित्रं काढून आणतो आणि वाटतो. हूपरचं चित्र तेवढं हातात राहतं. ते परत आले की देतो, म्हणतो. मोठी माणसं एकमेकांकडे बघतात आणि मग त्याला सांगतात की ते मेले आहेत आणि मेलेली माणसं परत येत नाहीत. हूपर आजारी होते असं कुणी म्हणत नाही, कारण मूल उद्या सर्दीलाही घाबरेल. म्हातारे होते असंही म्हणत नाहीत, कारण लहान मुलाला त्याचे तिशीतले आईवडीलसुद्धा म्हातारेच वाटतात. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की सांगताना त्या मोठ्यांचे डोळे भरून येतात आणि ते तोंड फिरवत नाहीत.

आपल्याकडे “पोरांसमोर रडू नका” असा दंडक आहे. आई मोरीत जाऊन, नळ सोडून रडते आणि तोंड धुऊन बाहेर येते. मुलाला लाल डोळे दिसतातच. त्यातून ते एवढंच शिकतं की या घरात बाबांबद्दल बोलायचं नाही. “मला बाबांची आठवण आली म्हणून रडू आलं, थोड्या वेळाने बरं वाटेल” एवढं एक वाक्य पुरतं.

सांगून झाल्यावर प्रश्न येतात, आणि ते मोठ्यांच्या अपेक्षेप्रमाणे येत नाहीत. मूल ऐकून घेतं, “मग मी खेळायला जाऊ?” म्हणतं आणि बॅट घेऊन खाली पळतं. बघणारे हळहळतात, “याला काही कळतच नाही.” तसं नसतं. मुलांना दुःख सलग पेलत नाही. ती थोडं सोसतात, खेळात जातात, पुन्हा थोडं सोसतात. रात्री अकरा वाजता, दिवे मालवल्यावर, तोच मुलगा विचारतो, “जाळल्यावर बाबांना चटका बसला असेल?” तेव्हा झोप म्हणून गप्प करू नये. बोललेल्या प्रश्नांच्या खाली बहुतेक वेळा तीनच प्रश्न असतात: हे माझ्यामुळे झालं का? मलाही असंच होईल का? आणि आता मला कोण सांभाळणार? पहिला प्रश्न मुलं तोंडाने विचारतही नाहीत. सकाळी बूट घेऊन दिले नाहीत म्हणून “तुम्ही मला नकोच” असं ओरडलेल्या मुलाचे वडील दुपारी अपघातात गेले, तर त्या मुलाच्या मनात खटला उभा राहतो आणि आरोपी ते स्वतःच असतं. म्हणून त्याने विचारलं नाही तरी आपण होऊन सांगायचं: तुझ्या बोलण्याने, वागण्याने, मनात आणल्याने हे झालेलं नाही. एकदा सांगून पुरत नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

मुलांना अंत्यविधीला न्यावं का? याला वयाची रेघ नाही. तिथे काय दिसेल ते आधी सांगावं, यायचंय का विचारावं, ‘नाही’ म्हणालं तर तेही मानावं, आणि सोबत असं एक मोठं माणूस द्यावं ज्याला मध्येच मुलाला घेऊन बाहेर पडता येईल. आपल्याकडे मात्र दोन टोकं असतात. मुलगी सोळा वर्षांची असली तरी तिने स्मशानात यायचं नाही, आणि मुलगा नऊ वर्षांचा असला तरी खांद्यावर मडकं घेऊन अग्नी त्यानेच द्यायचा. दोघांनाही कुणी विचारत नाही. ज्यांनी अंत्यदर्शनच घेतलं नाही त्यांचं काय होतं, हे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या लाटेत, घरोघर दिसलं. आई रुग्णवाहिकेत बसून गेली आणि मग फक्त दाखला आला. अशा मुलांना शेवटचा निरोप आजही देता येतो. पत्र लिहून, झाड लावून, तिच्या आवडीचा पदार्थ करून, घरच्याघरी. वेळ निघून गेली असं त्यात नसतं.

दहाव्याचं बोलायला हवं. घाटावर पिंड मांडलेले असतात, कावळा पलीकडच्या फांदीवर बसून असतो आणि शिवत नाही. मंडळी अस्वस्थ होतात. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो. काका म्हणतात, “पोरांच्या शिक्षणाचं आम्ही बघू, काळजी करू नकोस.” मामा म्हणतात, “ताईला एकटं पडू देणार नाही.” कावळा झडप घालतो आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. गोटा केलेला मुलगा तिथेच उभा असतो, आणि त्याने दोन गोष्टी ऐकलेल्या असतात. एक, बाबांची काहीतरी इच्छा राहिली आहे, आणि कदाचित ते नाराज आहेत, कदाचित माझ्यावर. दुसरी, काकांनी काय शब्द दिला. पहिली गोष्ट कुणीतरी त्याच्याजवळ बसून निस्तरायला हवी. दुसरी त्याच्या जन्मभर लक्षात राहते. जूनमध्ये फी भरायची वेळ येते तेव्हा काकांच्या ती लक्षात नसली, तरी पुतण्याच्या असते.

या दुसऱ्या गोष्टीपाशीच संशोधनातला सगळ्यात भक्कम निष्कर्ष येतो. हार्वर्डमध्ये फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वर्डेन यांनी बोस्टन परिसरातल्या ७० कुटुंबांमधल्या १२५ मुलांचा, आई किंवा वडील गेल्यानंतर दोन वर्षं मागोवा घेतला. बहुतेक मुलं सावरली. सुमारे पाचव्या हिश्शाला मात्र गंभीर त्रास होता, आणि काहींचा त्रास पहिल्या वर्षी दिसलाच नाही, दुसऱ्या वर्षी वर आला. मूल कसं सावरेल हे सर्वांत जास्त अवलंबून होतं मागे राहिलेल्या पालकावर. तो पालक किती उभा आहे, घरात जेवणखाण, झोप, शाळा यांची घडी किती टिकली आहे, आणि एका मृत्यूच्या मागोमाग मुलाच्या आयुष्यात आणखी किती उलथापालथ झाली यावर. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या अर्विन सँडलर यांनी याच धाग्यावर बारा बैठकांचा कार्यक्रम आखला आणि १५६ कुटुंबांतल्या २४४ मुलांवर तो पारखून पाहिला. मुलांच्या बैठका होत्याच, पण निम्मा जोर पालकांवर होता: मुलासोबत रोज थोडा वेळ एकट्याने बसणं, ऐकून घेणं, आणि शिस्त न सोडणं. ‘बिचारं’ म्हणून सगळं माफ केलं की मुलाला जग आणखीच हललेलं वाटतं. त्या बारा बैठकांचा फायदा पंधरा वर्षांनीही मोजता आला.

हे वाचलं की आपल्या रीती वेगळ्या दिसू लागतात. आईला सावरणं म्हणजे मुलाला सावरणं असेल, तर आपण आईचं काय करतो? कुंकू पुसतो, मंगळसूत्र काढतो, बांगड्या फोडतो, आणि हे मुलांच्या देखत. वडील गेलेत हे अजून पुरतं कळलेलं नसतं, तोच ओळखीच्या चार बायका आईला धरून तिच्या बांगड्या दगडाने फोडताना मुलगी बघते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव करून या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. चर्चा स्त्रीच्या सन्मानाची झाली, आणि ती योग्यच होती. पण त्या ठरावाने मुलांनाही एका मोठ्या भयापासून वाचवलं, हे कुणी फारसं बोललं नाही. पुढची उलथापालथ तर ठरलेलीच असते. घर सोडून माहेरी जाणं, शाळा बदलणं, थोरल्याला मामाकडे आणि धाकटीला आजीकडे ठेवणं, जमिनीवर नाव लावण्यावरून दिराशी भांडण. भावंडं शक्यतो एकत्र आणि शाळा निदान वर्षभर तीच, एवढं जरी नातेवाइकांनी सांभाळलं तरी पुष्कळ.

शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातलं मूल आणखी एका फेऱ्यातून जातं. पंचनाम्याला तलाठी येतात, पत्रकार येतात, कर्ज किती, नापिकी किती असे प्रश्न त्याच्यासमोर विचारले जातात. मग जिल्हा समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते, कारण त्यावर एक लाखाची मदत अवलंबून असते. ‘तुझ्या बाबांचं अपात्र झालं’ हे वाक्य शाळेत जाणाऱ्या मुलाने कसं पचवायचं? या मुलांना अपघात झाला असं खोटं सांगू नये, वर्गातली पोरं खरं सांगतातच. बाबांचं मन खूप आजारी होतं, त्यांना त्यातून वाट दिसली नाही, त्यात तुझी, आईची चूक नाही, आणि आपल्याला तसं वाटलं तर आपण कुणालातरी सांगायचं, मदत मिळते, एवढं सांगावं. कसं केलं याचे तपशील नकोत.

किशोरवयीन मुलांना सगळं कळतं, म्हणून त्यांच्याकडे लक्ष नसतं. “आता तूच घरातला कर्ता” हे पंधरा वर्षांच्या मुलाला सांगणारे लोक दिवसाला दहा भेटतात. मुलीला सांगावं लागत नाही, तिसऱ्या दिवसापासून डबे आणि धाकटीची वेणीफणी तिच्याकडे आलेलीच असते. ही मुलं रडत नाहीत. चिडतात, दार लावून बसतात, मोबाइलमध्ये जातात, अभ्यास सोडतात किंवा उलट अभ्यासात बुडतात. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. मधली सोळा वर्षं आई त्यांच्यातून गेली नव्हती. योगायोग असा, की १९१७ सालीच फ्रॉइडचा शोकावरचा प्रसिद्ध निबंध छापून आला. गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणं हे शोकाचं काम, असं त्यात मांडलं होतं, आणि पुढे कित्येक दशकं डॉक्टर तेच धरून चालले. १९९६ च्या सुमारास सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उलटं केलं. त्यांना भेटलेली मुलं आईवडिलांना सोडत नव्हती. त्यांची एखादी वस्तू जवळ बाळगत, मनातल्या मनात बोलत, ते आपल्याला बघत आहेत असं मानत. काहींना त्याची भीतीही वाटे, कारण मार्क कमी पडलेलेही ते बघणार. नातं तुटलं नव्हतं, त्याचं रूप बदललं होतं आणि त्यात रोगट काही नव्हतं.

हे आपल्याला कुणी पश्चिमेकडून शिकवायची गरज नव्हती. पितृपक्षात पान वाढणाऱ्या समाजाला गेलेल्या माणसाशी नातं राहतं हे ठाऊकच आहे. पण आपण विधी करतो आणि बोलणं टाळतो. फोटोला हार घालतो, पण बाबा क्रिकेट बघताना कसे ओरडायचे ते कुणी सांगत नाही. मुलांना हवी असते ती ही दुसरी गोष्ट. बाबांचा जुना शर्ट, घड्याळ, फोनमधला आवाज जपून ठेवा. कपडे वाटून टाकण्याआधी मुलांना विचारा.

शाळेला फार करायचं नसतं. मूल परत येण्याआधी वर्गाशी दोन मिनिटं बोलायचं, नाहीतर मधल्या सुट्टीत पन्नास जण ‘तुझे बाबा कसे मेले?’ विचारतात. ‘माझी आई’ हा निबंध देताना पर्याय द्यायचा. वर्गात भरून आलं तर न विचारता बाहेर जाता येईल असं त्याच्याशी आधी ठरवून ठेवायचं.

पोटदुखी, अंथरूण ओलं करणं, आईचा पदर न सोडणं, अभ्यासात मागे पडणं हे पहिल्या काही महिन्यांत होतंच. सहा महिन्यांनंतरही मूल रोजचं जगूच शकत नसेल, खेळणं-जेवणं-शाळा सुटलेली असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. ‘मला बाबांकडे जायचंय’ हे लहान मूल बऱ्याचदा ओढीने म्हणतं. तरी प्रत्येक वेळी शांतपणे विचारावं, म्हणजे काय करावंसं वाटतं? स्वतःला इजा करण्याचं बोलणं असेल तर सहा महिन्यांची वाट पाहू नये. टेलि-मानसचा १४४१६ हा फोन चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो मनाच्या प्रश्नाहून वेगळा नाही. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एका मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात, अठरा वर्षांपर्यंत. ही योजना फक्त आईवडील दोन्ही गेलेल्या मुलांसाठी आहे असा समज आहे. तो चुकीचा आहे, एक पालक गेलेलं मूलही त्यात बसतं. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड आणि पासबुकाची झेरॉक्स लागते. नवरा गेलेल्या बाईला हे कागद गोळा करत चार कार्यालयांत एकटीने फिरणं जड जातं. तुमच्या नात्यात, आळीत, वाडीत असं घर असेल तर तेराव्यानंतर एक दिवस रजा काढा आणि तिच्याबरोबर जा. आणि ती रांगेत उभी असेल तेवढा वेळ मुलाशी बोला.